क्लबाच्या हिरवळीवरची अळंबी

ते पुस्तक कोटाच्या आतल्या खिशात मावायचं. एवढ्या एका गुणावर मी ते पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं. हिरवी कापडी बांधणी, मागच्या पुठ्ठ्यावर छापलेली इंचांची पट्टी, आत रंगीत चित्रं, आणि विषय होता इंग्लंडात रानोमाळ उगवणारी अळंबी कशी ओळखावी. मला अळंबीशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात ती कधी शिजली नाही. आजोबांच्या पोथीत कांदा, लसूण आणि अळंबी यांना एकाच ओळीत बसवून पानावरून उठवलं होतं. पुढे कांदा मागच्या दारानं घरात आला, त्याच्या मागोमाग लसूण आला. अळंबी बाहेर राहिली ती राहिलीच. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या मालकानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : ‘दिवसभर पाऊस. काही सापडलं नाही.’ इतक्या सरळ माणसाचं पुस्तक ढिगात टाकून जाववेना.

सत्तावीस की अठ्ठावीस साल असेल. मी सोलापुरात एका खासगी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि पूर्व भागात एका विणकराच्या घरामागं भाड्याच्या खोलीत राहत होतो. लग्न झालेलं नव्हतं, वाचायला वेळ होता, आणि माणसांपेक्षा पुस्तकांवर माझा विश्वास जास्त होता. यातली शेवटची गोष्ट मी तेव्हा अभिमानानं सांगत असे.

शिक्षकांच्या खोलीत ते पुस्तक मी टेबलावर ठेवलं आणि आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी ते उचललं. मास्तर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. हाडकुळे, पोटाच्या जुन्या दुखण्यानं पिवळसर पडलेले, कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात खायच्या सोड्याची पुडी. आपल्या विषयावर ज्याचा खरोखर विश्वास आहे असा साऱ्या शाळेत तो एकच माणूस होता. बाकीचे आम्ही नुसते शिकवत होतो.

“हे तुमच्या काय कामाचं, इंग्लिश?” ते मला याच नावानं हाक मारत.

“चित्रं बघायला.”

“चित्रं बघायला कॅलेंडर घ्या. हे मी नेतो.”

चार दिवसांनी पुस्तक परत आलं ते चिठोऱ्यांनी फुगून. मास्तरांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. “अहो, काय शिस्तीनं लिहिलंय! छत्रीचा रंग, मग देठ, मग देठावरची कडी, मग वास, मग खालून झडणारी भुकटी. एकेक पायरी चढत जायचं, शेवटच्या पायरीवर नाव उभं.” लहानपणी त्यांनी दुष्काळ बघितला होता. माणसं झाडाचा पाला उकडून खाताना बघितली होती. जे आपोआप उगवतं आणि पायाखाली कुजून जातं, ते कुणालाही ओळखता यावं, म्हणजे वाईट सालात चार घास तरी मिळतील, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. दुष्काळात पाऊस नसतो आणि पावसाशिवाय अळंबी नसते, हे मी त्यांना सांगितलं नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्यांना सोड्याची आठवण झालेली नव्हती.

गोष्ट इथंच राहिली असती तर बरं झालं असतं. पण ती रावसाहेबांच्या कानावर गेली. रावसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. गावात कुठं चार खुर्च्या मांडल्या आणि त्यांतल्या एकीला हात असले, की त्या हातांवर रावसाहेबांचे हात असायचे. त्यांनी आठवड्याभरात ‘निसर्ग-अभ्यास मंडळ’ काढलं. उद्घाटनाला तीन भाषणं झाली. पहिलं उघड्या हवेच्या फायद्यांवर होतं आणि ते दारं-खिडक्या लावून झालं, कारण बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. मंडळाचा पहिला उपक्रम ठरला : मास्तरांनी पुस्तकाच्या आधारे खाण्याजोगी अळंबी शोधावी, इंग्लिश मास्तरांनी पुस्तकाचा मराठी तर्जुमा करावा, आणि पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी शाळेच्या दिवाणखान्यात निवडक मंडळींना शास्त्रशुद्ध भोजन द्यावं.

तर्जुमा अवघड नव्हता. अवघड होतं ते सोलापूर. पुस्तक म्हणे, ही जात बर्चच्या झाडाखाली, ती बीचच्या पाचोळ्यात. आमच्याकडे कडुनिंब, बाभळ आणि बोर. “झाड ते झाड,” मास्तर म्हणाले, “सावली महत्त्वाची.” मी वहीत ‘बर्च’च्या जागी ‘झाड’ लिहिलं. मग वाक्य इतकं सोपं झालं की कुठंही लागू पडावं.

पहिल्या दिवशी आम्ही मंगळवारच्या बाजारात गेलो. तिथं कोपऱ्यात एक म्हातारी धनगरीण पावसाच्या दिवसांत अळंबी घेऊन बसायची. तिची माणसं पावसाळ्यात सांगोल्याकडून मेंढरं घेऊन यायची आणि गावाबाहेरच्या माळावर उतरायची. तिच्यापुढं पळसाच्या पानावर लांब देठांची, मातकट टोकाची अळंबी मांडलेली होती. विणकरांच्या बायका आणि गिरणीतले कामगार ती घ्यायला तिच्याभोवती असायचे. आमच्यासारखे कोटवाले तिच्यापुढं बसलेले बघून गर्दी थोडी मागं सरली आणि मग तमाशा बघायला पुन्हा पुढं आली.

मास्तर उकिडवे बसले, पुस्तक उघडलं. “मावशी, ही कुठं मिळाली?”

“वारुळावर.”

“कसल्या झाडाखाली?”

“झाड कशाला लागतंय? वारूळ लागतंय.”

“आणि विषारी कशी ओळखता?”

“ती वळखायची कशाला? ती घ्यायाचीच न्हाईत की.”

मास्तरांनी तिच्यापुढं चित्रं धरली. तिनं हात लुगड्याला पुसले, एकेक पान उलटलं आणि मान डोलावली. “लई झ्याक काढल्यात. आमच्यातलं एक बी न्हाय ह्यात.” मग एका चित्रावर बोट ठेवलं. मोठी पांढरी छत्री, तिच्यावर तपकिरी खवले, देठावर कडी. “ह्यासारकं येतंय गवतात. सायबाच्या क्लबाकडं. उकिरड्याकडंला बी. पर त्येला मेंढरं तोंड लावत न्हाईत.”

मास्तर माझ्याकडे बघून हसले. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आल्यावर मुलं हसतात तसे. “इंग्लिश, ते जनावरांचं पान वाचा.” मी उभ्यानं वाचून मराठीत सांगितलं. खेड्यातली माणसं जनावरं काय खातात यावरून किंवा चांदीचा चमचा काळा पडतो का यावरून अळंबीची पारख करतात. या सगळ्या समजुती निराधार आहेत. लक्षणांखेरीज कशावरही विसंबू नये. हे अगदी खरं आहे. आजही कुठल्याही चांगल्या पुस्तकात हेच लिहिलेलं सापडेल.

“काय म्हनतंय पुस्तक?” म्हातारीनं विचारलं.

“म्हणतंय, मेंढरांवर विश्वास ठेवू नका,” मास्तर म्हणाले.

“मग कुनावर ठिवायचा?”

“पुस्तकावर.”

“मग पुस्तकानं खाऊन बगावं की आदी.”

बाजार हसला. मास्तरही हसले. मोठ्या मनाचा माणूस होता. भोजनाच्या दिवशी टेबलावर नमुना म्हणून मांडायला त्यांनी तिलाच शनिवारी एक पाटीभर ताजी अळंबी शाळेत आणून द्यायला सांगितली. “पुस्तकात नाहीत,” उठताना ते म्हणाले, “म्हणून खायला घेता येणार नाहीत. पण मांडू.”

पुस्तकातली मिळाली ती रावसाहेबांमुळे. साहेबांच्या क्लबात आपल्या माणसांना मज्जाव होता, पण रावसाहेबांना मागच्या फाटकातून हिरवळीच्या कडेपर्यंत जायची मुभा होती आणि ती ते एखाद्या किताबासारखी वापरत. त्यांनी आम्हाला बरोबर नेलं. सोलापुरात असं गवत दुसरं नव्हतं. उन्हाळ्यातसुद्धा भिस्ती त्याच्यावर पखालीनं पाणी सोडायचा. बी विलायतेहून आणलेलं होतं म्हणे. आणि त्या गवतात, वर्तुळात उभ्या, चित्रातल्यासारख्या पांढऱ्या छत्र्या. खवले होते. देठावरची कडी बोटानं वरखाली सरकत होती. पुस्तकात तिचं नाव ‘पॅरासोल’ होतं आणि पुढं ‘उत्तम’ असा शेरा होता.

“बी विलायती, गवत विलायती,” रावसाहेब म्हणाले, “तेव्हा अळंबीही विलायतीच असणार.” मास्तरांनी मान डोलावली, आणि खोटं कशाला बोलू, मीही डोलावली. ते इतकं सयुक्तिक वाटलं, की विलायतेतलं पुस्तक आणि सोलापुरातली जमीन यांचा मेळ बसवायला आम्ही इतके दिवस जी ओढाताण करत होतो ती एकदम संपली. ही जमीन सोलापुरातली राहिलीच नव्हती.

मग पायऱ्या चढायला लागलो. पुस्तक म्हणे, देठावर सापाच्या कातीसारखी नक्षी असते. आमचा देठ कोरा. “पावसानं धुऊन गेली,” मास्तर म्हणाले. पुस्तक म्हणे, वास दुधासारखा. मास्तरांनी हुंगलं आणि “दूध” म्हणाले. मला भिजलेल्या गवताचा वास आला. पण म्हैसही गवतच खाते असा विचार करून मीही “दूध” म्हणालो. शेवटची पायरी भुकटीची. छत्री तोडून कागदावर पालथी ठेवायची आणि वर वाटी झाकायची. सकाळी खाली भुकटीचा ठसा उमटलेला असतो. पॅरासोलची भुकटी पांढरी असते, म्हणून काळ्यावर ठेवावी, असं पुस्तकात होतं. मी वर्गातली पाटी आणून दिली.

शनिवारी संध्याकाळी म्हातारी सांगितल्याप्रमाणे पाटीभर अळंबी घेऊन आली. रावसाहेबांनी ती टेबलावर ठेवलेली बघितली आणि ‘स्थानिक, अनोळखी’ अशी चिठ्ठी लावायला लावली. शाळेच्या कपाटात ती रात्रभरात काळी पडतील म्हणून मास्तरांनी मला खोलीवर न्यायला सांगितलं.

मी ती नेली. दारातच मालकीणबाईंनी टोपलीत डोकावलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “पुट्टगोडुगुलु!” त्या म्हणाल्या. त्यांच्या तेलुगूत अळंबीला हाच शब्द. मी अर्थ विचारला तर म्हणाल्या, वारुळाची छत्री. “मास्तर, उद्यापर्यंत राहणार नाय हे. खराब होतंय.” मी नमुन्यांचं महत्त्व समजावून सांगायला लागलो, पण त्यांनी तोवर टोपली आत नेली होती. तासाभरानं लाल तिखट, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी त्यांनी माझ्या दाराशी आणून दिली. मी दार लावून घेतलं आणि ती सगळी खाल्ली. आयुष्यात इतकं चवदार काही फार वेळा खाल्लेलं नाही. घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, खाल्ली. सकाळी सगळे माग नेहमीच्या वेळी सुरू झाले.

मंडळाचा नमुना पळवून खाल्ल्याचं मी मास्तरांना सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. रविवारी सकाळी सगळ्यांचं लक्ष वर्गातल्या काळ्या पाटीवर होतं. वाटी उचलली, छत्री उचलली. खाली फिकट ठसा होता. “पांढरा,” रावसाहेब म्हणाले. मला तो राखेसारखा वाटला. पाटी मी नीट पुसली नसेल असं मनाशी म्हटलं.

भोजन गिरणीच्या बाराच्या भोंग्याला सुरू झालं. रावसाहेबांनी आधी भाषण केलं, मग एक तुकडा ओठांना लावला आणि पानाच्या कडेला ठेवला. अध्यक्षांनी आरंभ करायचा असतो, शेवट करायचा नसतो. बाकीच्या मंडळींचीही तीच गत. तिशी-चाळिशीतल्या माणसांना आईची आठवण झाली, घरचं सोवळं-ओवळं आठवलं, एकाला उपास आठवला. त्या दिवशी पोथीनं जितक्यांना वाचवलं तितक्यांना पुस्तकानं वाचवलं नाही. मी आदल्या दिवशीच्या आठवणीवर दोन तुकडे खाल्ले. चव गुळमट, मिळमिळीत होती. पानापानावर तशीच राहिलेली अळंबी बघून मास्तर कावरेबावरे झाले. मऊ भातावर जगणारा तो माणूस. “वाढा इकडे,” ते आचाऱ्याला म्हणाले. “आणखी वाढा. खाऊन दाखवल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?” आपला वाटा त्यांनी संपवला, मग शेजारच्याचा.

चारच्या सुमारास मला उलट्या सुरू झाल्या आणि दिवेलागणीला थांबल्या. मास्तरांच्या थांबल्या नाहीत. डॉक्टर आले, आधी पटकी म्हणाले, मग काय खाल्लं ते विचारलं. मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या घेऊन बसून होत्या आणि ते पाणी पोटात ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही सांगायचं असेल. “इंग्लिश,” ते म्हणाले, “नववीचे पेपर तपासायचे राहिलेत.” तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मंगळवार होता तो. त्याच्या पुढच्या मंगळवारपर्यंत गावाचं ठरलं होतं. क्लबातली अळंबी पुस्तकाबरहुकूम पारखलेली होती, त्यात विष असणं शक्य नव्हतं. मग पारखलेली नव्हती ती कुठली? रावसाहेबांनी आचाऱ्याला बोलावून विचारलं, टोपली एक होती की दोन. आचारी घाबरून म्हणाला, “दोन असतील, साहेब.” त्या स्थितीत त्यानं पाच म्हटलं असतं. मग रावसाहेब माझ्याकडे वळले. “म्हातारीची पाटी तुमच्याकडे होती ना मास्तर? ती गडबडीत स्वयंपाकात गेली असणार.” त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

त्या मंगळवारी मी बाजारात होतो. म्हातारी नेहमीच्या कोपऱ्यात बसली होती, पण पुढं गिऱ्हाईक नव्हतं, नुसती माणसं होती. बाजाराच्या शिपायानं पायानं तिचं पान उलटवलं. “ऊठ. मास्तराला मारलंस ते मारलंस, आता गावाला मारतीस का?”

“माजी न्हवती ती,” ती म्हणाली. “वारुळावरची हायती. बाळंतिणीला देतो आमी ही.”

“उठतीस का न्हाय?”

तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. “ह्ये मास्तर व्हते की. ह्येंच्या हातात दिली मी पाटी. मास्तर, तुमी सांगा की ह्येला. कुटं गेली माजी पाटी?”

चार-पाच डोकी माझ्याकडे वळली. मला त्या क्षणी काय आठवलं ते सांगतो, कारण नंतर मी बरीच उदात्त कारणं शोधली. मला लाल तिखटाची भाजी आठवली. मंडळाचा नमुना विणकराच्या घरात शिजवून दार लावून खाणारा इंग्रजीचा मास्तर आठवला. मी भाजीवाल्यांच्या ओळीत शिरलो.

खोलीवर आलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. “अय्यो मास्तर,” मालकीणबाई म्हणाल्या, “आमी सगळ्यांनी खाल्लं की ते. पोरं पण खाल्ली. काय झालं? काय पण नाय झालं. तुमी जाऊन सांगा त्यांना.”

“सांगतो,” मी म्हणालो. “तुम्ही मात्र कुठं बोलू नका.”

त्या मागावर जाऊन बसल्या.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. पुस्तक फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. “तुमचं आहे, घेऊन जा, भाऊजी.” मी ते घेतलं. “त्या बाईचं काय वाकडं केलं होतं हो यांनी?” त्यांनी विचारलं. “हसून बोलले होते म्हणे तिच्याशी.”

“मुद्दाम नसेल केलं तिनं, वहिनी,” मी म्हणालो. यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही. त्यात तिची बाजू घेतल्यासारखंही होतं.

खोलीवर पुस्तक उघडलं तेव्हा पॅरासोलच्या पानात घडी केलेला वहीचा कागद निघाला. पांढऱ्या कागदावर गोल ठसा, मध्यातून कडेकडे गेलेल्या बारीक रेघा, आणि रंग शेवाळासारखा हिरवा. अगदी निःसंशय हिरवा. मास्तरांनी घरी दुसरी छत्री पांढऱ्या कागदावर ठेवली होती. खाली त्यांच्या नेटक्या अक्षरात : ‘रविवार सकाळ. पांढरा अपेक्षित. कागद ओला? वहीचा रंग उतरला? पाटीवर पांढरा दिसतो. पाटी ग्राह्य धरावी.’

निमंत्रणं शुक्रवारीच गेली होती.

मी सगळं पुस्तक पुन्हा वाचून काढलं. हिरव्या भुकटीची छत्री त्यात कुठंच नव्हती. असणार कशी? ती त्या देशात उगवतच नाही. उष्ण मुलखातल्या गवतात पॅरासोलसारखी दिसणारी एक विषारी जात असते, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी दुसऱ्या एका पुस्तकात वाचायला मिळालं. आमच्या पुस्तकानं खोटं काही सांगितलं नव्हतं. ते ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्यांच्याशी खरंच बोलत होतं.

कागद घेऊन मी रावसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो बघितला, उलटा करून बघितला, मग उजेडाकडे धरून बघितला. तेवढ्या वेळापुरते ते मला साधे म्हातारे गृहस्थ वाटले. मग म्हणाले, “दिवाणखान्यात त्यांची तसबीर लावायची ठरवली आहे. विज्ञानासाठी देह ठेवला, असं खाली लिहायचं आहे. आता काय लिहायचं, सांगा? पारख चुकली, असं? त्या बाईला काय, दुसरा बाजार आहे. ह्यांच्या बायकोला दुसरं काय आहे?” कागद त्यांनी मला परत दिला. फाडला असता तर मला त्यांचा राग तरी धरता आला असता.

मी माळावर गेलो. दोन दिवस उघडीप होती, धनगरांची पालं उन्हात वाळत होती. म्हातारी लोकरीची फणी घेऊन बसली होती. मला बघून ती उठली नाही.

“मावशी, हल्ली बाजारात दिसत नाही.”

“बसू कुटं देत्यात?” मग फणी खाली ठेवून म्हणाली, “आनि आता गोळा बी करत न्हाय. मास्तर, एक इचारू? माजीच व्हती का वो ती? डोळं आता पयल्यासारकं न्हाईत माजं. रातीला इचार येतो, एकांदं चुकून आलं आसंल पाटीत. माज्या आईनं दाकवलेली वारुळं हायती, तरी बी.”

तिच्या तोंडून हे ऐकेपर्यंत मला वाटत होतं की तिचं गेलं ते बाजारातला एक कोपरा गेला. मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिची पाटी मी नेली, आम्ही सात माणसांनी खाल्ली, एकालाही काही झालं नाही. मास्तरांनी खाल्ली ती क्लबातली, तिनंच बोट ठेवून दाखवलेली, मेंढरं तोंड लावत नाहीत ती. खिशातून कागद काढून हिरवा ठसा दाखवला. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली हिरवी भुकटी बघितली.

“खरं म्हनता?”

“अगदी खरं.”

“मग चार मानसांत सांगा की ह्ये,” ती म्हणाली. “येत्या मंगळवारी. मी पाटी घिऊन येते, तुमी शेजारी हुबं ऱ्हावा. लई न्हाय बोलायचं. ही मी खाल्ली, एवडंच म्हना.”

“येतो,” मी म्हणालो.

मंगळवारी मला ताप होता. खरोखरचा ताप होता, अंग भाजत होतं. हे इतकं ठासून सांगावं लागतं, कारण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही आणि माझाही बसत नाही. म्हातारी आली होती, असं मालकीणबाईंकडून कळलं. दुपारच्या भोंग्यापर्यंत कोपऱ्यावर झाकल्या पाटीशी उभी होती. शिपायानं हटकलं तर म्हणाली, मास्तर यायचे हायती. मग गेली. त्याच आठवड्यात पालं उठली.

पुढच्या मंगळवारी ताप नव्हता. पण आता ती नव्हती, मग कुणाशेजारी उभं राहायचं, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तरावर समाधान मानलं. दिवाळीत मास्तरांची तसबीर लागली. वहिनींनी तिला हार घातला. मी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या पावसाळ्यात एकदा गावाबाहेर फिरायला गेलो होतो. एका मोरीच्या कठड्यावर बसलो होतो तर मेंढरांचा कळप आला आणि त्यामागं ती, सुनेबरोबर. मी वळून बसलो. हातातली छत्री आडवी होती, तिनं मला पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेच्या वारुळावर अळंबी उगवली होती, वारूळ पांढरं झालं होतं. सून हरखून वाकली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

“सोड.”

“का वो आत्याबाई? वारुळावरची तर हायती.”

“सोड म्हनते न्हवं.”

“पर तो मास्तर सांगून गेल्ता की तुमास्नी. तुमची न्हवती म्हून.”

“म्हातारीला बरं वाटावं म्हून बोलला आसंल,” ती म्हणाली. “खरं आसतं तर बाजारात बोलला आसता.”

दोघी पुढं गेल्या. मागं रेंगाळलेल्या दोन मेंढ्या वारुळापाशी थांबल्या आणि त्यांनी अळंबीला तोंड लावलं. पुस्तक माझ्या खिशात होतं.